आकाराममामांच्या तोंडाचा दाखला

मनुष्य नोकरीत बढती मिळवू शकतो, खटपट केल्यास गृहनिर्माण संस्थेचा चिटणीसही होऊ शकतो. परंतु मामा हे पद त्याला केवळ बहिणीच्या कृपेने प्राप्त होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणारे आणि एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात सव्वीस वर्षे लिपिक म्हणून सेवा बजावलेले आकारामराव चौगुले यांना हे पद मिळण्यास बराच विलंब झाला होता. धाकटी बहीण स्वप्नाली हिच्या लग्नाला अकरा वर्षे लोटली, तेव्हा कुठे कसबा बावड्यातील तिच्या घरी पाळणा हलला. मुलीचे नाव आदिती ठेवण्यात आले. आता सातव्या महिन्यात तिचे उष्टावण होते आणि आयुष्यातील पहिला घास तिला भरवण्याचा मान रीतीप्रमाणे मामाचा होता. आकारामरावांनी त्या दिवसाच्या रजेचा अर्ज सहा आठवडे अगोदर सादर केला. त्या दिवशी रविवार आहे, ही बाब मुख्याध्यापकांनी निदर्शनास आणून दिली, तरी त्यांनी अर्ज मागे घेतला नाही. एवढ्या प्रसंगाची नोंद दप्तरी असावी, असे त्यांचे मत होते.

उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा मामाने द्यायचा असतो. त्यासाठी आकारामराव आदल्या आठवड्याच्या शनिवारी बसने हुपरीस गेले. तेथे जिनेंद्र नावाचा कारागीर राहत्या घरातच चांदीकाम करीत असे. वाटीवर नाव कोरणे बाकी होते, म्हणून ती उष्टावणाच्या रविवारी सकाळी थेट बावड्यास पोहोचवण्याचे त्याने कबूल केले. चमचा मात्र तयार होता. जिनेंद्र डबी आणण्यास आत गेला तेव्हा तो चमचा एका प्लास्टिकच्या पसरट भांड्यातील पाण्यात पडून होता. आकारामरावांच्या मनात विचार आला की, तान्ह्या बाळाच्या तोंडात जाणारी ही वस्तू. हिची कड कोठे टोचत तर नाही ना. बोटाने हे कळत नाही. त्यांनी चमचा उचलला, झटकला आणि तोंडात घालून डाव्या गालापासून उजव्या गालापर्यंत, ओठांच्या आतून, जबाबदारीने फिरवला. कड गुळगुळीत होती. चव किंचित आंबट होती, तिचे कारण त्यांनी चांदीची शुद्धता मानली.

इतक्यात जिनेंद्र बाहेर आला आणि दारातच उभा राहिला. "पावणं," तो म्हणाला, "तोंड धुवून घ्या की."

आमच्या भागात घरी आलेल्या माणसाला तोंड धुवायला सांगितले की पाठोपाठ चहा येतो. आकारामरावांना बस गाठायची होती. "चहा नको, गडबडीत आहे," असे नम्रपणे सांगून ते चमचा घेऊन निघाले. घरी त्यांच्या पत्नीने, पूर्णिमाबाईंनी, चमचा रिठ्याने लख्ख धुऊन देव्हाऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामरावांचे तोंड आले. साधे आले असते तर गोष्ट निराळी. परंतु खालच्या ओठाच्या आत तीन, डाव्या गालात चार आणि जिभेच्या कडेला एक, असे पांढरट फोड उमटून पहिला घोट चहा घेताच त्यांना ब्रह्मांड आठवले. सोमवारी ते वर्धमान डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले आणि विचारले, "फार गरम, फार तिखट, काही जळजळीत पदार्थ तोंडात गेला होता काय?"

"आमचे खाणे अत्यंत संयमाचे आहे," आकारामराव दुखावून म्हणाले.

"मग हर्पीसचा विषाणू असू शकेल. तोंडाच्या आतल्या त्वचेला होतो. मोठ्या माणसाला विशेष धोका नसतो, आठवड्यात बरा होतो. पण घरात तान्हं मूल असेल तर लांब राहा. मुका घेऊ नका, भरवू नका. खात्री करायची तर फोडावरचा नमुना तपासून घ्या."

आकारामराव डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन निघाले. ही बातमी दडवून ठेवणे शक्य होते. परंतु ज्या मामाने चमच्याची कडसुद्धा तपासली तो विषाणू कसा दडवणार? त्यांनी त्याच संध्याकाळी बहिणीला दूरध्वनी केला. दोन वाक्ये झाली आणि पलीकडचा फोन तिच्या सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, हातात घेतला. झुंबरबाईंनी उभ्या आयुष्यात दोन बिनविरोध निवडणुका जिंकल्या होत्या, एक महिला मंडळाची आणि एक घरातली.

"मामा, तुमचं दुखणं तुम्हाला लखलाभ," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सांनी लेकरू झालंय. तुमचं तोंड बरं हाय असा कागद आणा, मग भरवा. न्हायतर पृथ्वीराज हाय की. चुलत का असंना, मामाच हाय त्यो."

हा पृथ्वीराज म्हणजे आकारामरावांच्या काकांचा मुलगा. वय एकतीस, दंड मोठे, मोटारसायकल त्याहून मोठी. अर्ध्या तासात त्याचा संदेश आला: 'दादा, तब्येतीला जपा. भरवायचं टेन्शन घेऊ नका. मी फेटा सांगितलाय.'

फेटा सांगितलाय, हे दोन शब्द आकारामरावांनी चार वेळा वाचले. त्या क्षणी ही तपासणी वैद्यकीय राहिली नाही.

वस्तुतः काम सोपे होते. तपासणी केंद्रात जायचे, तेथील ऐश्वर्या नावाच्या तंत्रज्ञ मुलीने कापसाची काडी फोडावर फिरवायची आणि दोन दिवसांनी अहवाल द्यायचा. अट एकच. नमुना देण्यापूर्वी दोन तास तोंडात काही घालायचे नाही, की वरून काही लावायचे नाही. दोन तास उपाशी राहणे कोणालाही जमते. परंतु कोल्हापुरात ज्याच्या दुखण्याची बातमी झाली आहे अशा माणसाने रस्त्याने दोन तास उपाशी जाणे ही गोष्ट वेगळी आहे.

मंगळवारी सकाळी आकारामराव गंगावेशीवरून चालत निघाले. तेथे कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. ज्ञानू गवळी त्यांना वीस वर्षे ओळखत होता.

"चौगुलेसाहेब, तोंड आलंय म्हणं," ज्ञानू म्हणाला. "हे धारोष्ण घ्या. आतनं गारगार वाटंल."

"आज वर्ज्य आहे. तपासणी आहे."

"दुधाला तपासणी कसली? दूध म्हंजे औषध हाय."

"वर्ज्य म्हणजे वर्ज्य, ज्ञानबा."

ज्ञानूने ग्लास खाली ठेवला नाही. त्याने म्हशीकडे पाहिले, आकारामरावांकडे पाहिले, आणि कट्ट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "म्हंजे माझ्या म्हशीत खोट हाय म्हना की."

आठदहा माणसे वळून पाहू लागली. म्हशीनेही मान फिरवली. सव्वीस वर्षांच्या सेवेत आकारामरावांनी कोणाच्या म्हशीचा अवमान केलेला नव्हता. त्यांनी ग्लास घेतला आणि संपवला.

केंद्रात ऐश्वर्येने आधी संगणकावर अर्ज भरायला घेतला. नमुना कोठला, या रकान्यात नाक, घसा, रक्त, लघवी एवढेच पर्याय होते; तोंड हा अवयव त्या यंत्राला ठाऊक नव्हता. अखेर तिने 'इतर' असे नोंदवले. एक्कावन्न वर्षे ज्या तोंडाने आपण जेवलो, बोललो आणि दोन वेळा शाळेच्या स्नेहसंमेलनात आभारप्रदर्शन केले, ते 'इतर' ठरावे, याचे आकारामरावांना फार वाईट वाटले. मग तिने त्यांना तोंड उघडायला सांगितले आणि लगेच मिटायलाही सांगितले.

"काका, मिशीला फेस हाय. दूध प्यालाय न्हवं?"

"प्रसंगच तसा उद्भवला."

"उद्या या."

घरी परतल्यावर शेजारच्या अक्काताई मगदूम पायरीवरच भेटल्या. अक्काताई स्वभावाने अत्यंत परोपकारी. त्यामुळे त्यांच्यापासून सावध राहावे लागे. हर्पीस या शब्दाचा अर्थ त्यांच्या जावयाने मोबाईलवर पाहून सांगितला होता.

"अवो, ही तर नागिणीच्या जातीची," त्या म्हणाल्या. "माझ्या दिराच्या कमरंला आल्ती. नागिणीचं तोंड आन् शेपूट एका जागी आलं की माणूस गेला म्हनून समजा."

"ती कमरेची, अक्काताई. माझी तोंडात आहे."

"मग अवघडच की. कमरंला येढा घालायला तिला पंधरा दिस लागतात. तोंडात जागाच किती असती?"

या युक्तिवादात काहीतरी चूक आहे हे आकारामरावांना जाणवत होते, परंतु ती नेमकी कोठे हे सापडेना. त्यांनी तोंड उघडले. अक्काताईंनी आत डोकावून माप घेतले. "हिकडनं चार आलं, खालनं तीन. मधी दोन बोटं जागा ऱ्हायलीया," असे सांगून त्या गंभीर चेहऱ्याने निघून गेल्या. रात्रभर आकारामराव जिभेच्या टोकाने ती दोन बोटे जागा शाबूत आहे की नाही हे पाहत पडून राहिले.

त्यामुळे बुधवारी पहाटे अक्काताई वाटीत गेरू उगाळून घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी विशेष विरोध केला नाही. नागिणीच्या वाटेत गेरूची रेघ ओढली की ती पुढे सरकत नाही, असा अक्काताईंचा अनुभव होता. रेघ बाहेरून ओढायची होती. परंतु नागीण आत असल्यामुळे ती आतूनही ओढली गेली.

ऐश्वर्येने त्या दिवशी हातातली काडी तशीच ठेवली. "काका, आज तोंड लाल कशानं?"

"गेरू," आकारामराव म्हणाले. लिपिकाने खरे तेच सांगावे.

"लोक कुंड्यांना लावत्यात त्यो?"

"तोच."

तिने मान फिरवून भिंतीकडे पाहिले. तिचे खांदे हलत होते. मग गंभीर होऊन तिने त्यांना चूळ भरायला लावली, तोंड पुन्हा पाहिले आणि एक नवीच अडचण सांगितली. फोड भरत आले होते. गालातले बुजले होते, जिभेचा दिसेना, खालच्या ओठातला एकच काय तो धड राहिला होता.

"हा उद्यापर्यंत टिकला तर नमुना घीन. फोडच नसंल तर काडी कशावर फिरवू?"

"बरा झाला म्हणजे विषाणू नाही, असे लिहून मिळेल काय?"

"तसं कसं लिहू? फोड गेला तरी लाळंत असू शकतो."

येथून आकारामरावांच्या आयुष्यातील विलक्षण कालखंड सुरू झाला. जो फोड जावा म्हणून त्यांनी तीन दिवस देवाला विनवले होते, तो आता एक दिवस राहावा म्हणून ते त्याच देवासमोर हात जोडून उभे राहिले. मलम बंद केले. त्या बाजूने घास नेणे बंद केले. कार्यालयात ओठ हलू नये म्हणून ते चिठ्ठ्यांवर उत्तरे लिहू लागले, तेव्हा शिपायाने साहेबांनी मौन धरल्याचे सांगून दोन पालकांना नमस्कार करायला लावला. दर तासाला ते आरशासमोर जाऊन खालचा ओठ उलटा करीत आणि फोड जागेवर आहे हे पाहून समाधानाने परत येत.

पूर्णिमाबाई आजवर गप्प होत्या. रात्री त्या म्हणाल्या, "उद्या मी सोडते तुम्हाला. चालत जायचं न्हाय आन् कुनाशी बोलायचं न्हाय."

गुरुवारी सकाळी आकारामराव पत्नीच्या स्कूटीवर मागे बसले. नाकापासून हनुवटीपर्यंत तिची जांभळी ओढणी गुंडाळलेली, आणि गळ्यात शाळेतली पाटी. पाटीवर त्यांनी वळणदार अक्षरांत लिहिले होते: 'तपासणीस जात आहे. कृपया चहा, दूध व औषध देऊ नये.' पेठेत लोक थांबून वाचू लागले. एका रसवंतीवाल्याने पाटी मन लावून वाचली आणि उसाच्या रसाचे नाव त्यात नसल्याचे पाहून ग्लास पुढे केला. पूर्णिमाबाईंनी गाडी थांबवली नाही. गंगावेशीवर ज्ञानूने लांबूनच हात वर केला. आकारामरावांनी म्हशीला नमस्कार केला. अक्काताईंनी मात्र निघतानाच गाठले होते, "जरा गेरू..." एवढे म्हणेपर्यंत स्कूटी कोपऱ्यावर पोहोचली होती.

केंद्रात ऐश्वर्येने ओठ उलटून पाहिला. तो क्षण आकारामरावांना दहावीच्या निकालापेक्षा लांब वाटला.

"हाय," ती म्हणाली. "थोडा हाय, पर हाय."

काडी फिरली. डोळ्यांत पाणी आले. ते केवळ झोंबल्यामुळे होते असे म्हणवत नाही.

शनिवारी संध्याकाळी अहवाल मिळाला. विषाणू आढळला नाही. आकारामरावांनी तो तीन वेळा वाचला, तेथूनच पलीकडच्या दुकानात जाऊन प्लास्टिकमध्ये मढवून घेतला, आणि पावसापाण्याची भीती नसतानाही पिशवीत घालून छातीशी धरून घरी आणला.

रविवारी पावणेअकराला ते देव्हाऱ्यातला चमचा घेऊन कसबा बावड्यात पोहोचले. ओसरीत रांगोळी होती, पाट मांडलेला होता, आणि त्या पाटावर गुलाबी फेटा बांधून पृथ्वीराज बसलेला होता. आदिती त्याच्या मांडीवर होती. ती फेट्याचा शेमला तोंडात घालण्याच्या खटपटीत होती. स्वप्नालीने दादाकडे पाहिले आणि लगेच सासूबाईंकडे पाहिले. तिचा नवरा विश्वजित मोबाईलमध्ये काहीतरी तातडीचे शोधू लागला.

आकारामरावांनी अहवाल काढला आणि उभ्याने वाचून दाखवला. नमुन्याच्या प्रकारापाशी 'इतर' हा शब्द त्यांनी जरा भरभर उरकला. "विषाणू आढळला नाही," या वाक्याशी ते थांबले आणि सभेकडे पाहिले.

"आढळला न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "माझी कानातली फुलं बी परवा दोन दिस आढळली न्हाईत. म्हनून ती नव्हती व्हय? लोणच्याच्या बरणीमागं होती की."

"हा अधिकृत अहवाल आहे."

"आसूदे. पर इषाणू न्हाय, तर मग फोड आलं कशानं? एवढं सांगा, आन् बसा पाटावर."

आकारामरावांनी अहवाल पुन्हा चाळला. याचे उत्तर अहवालात नव्हते. डॉक्टरांपाशी नव्हते, अक्काताईंपाशी होते ते येथे सांगण्यासारखे नव्हते. पृथ्वीराज पाटावरून मायेने म्हणाला, "ऱ्हाऊदे दादा, पुढच्या खेपंला." स्वप्नालीला पुढची खेप अकरा वर्षांनी येणार हे सर्वांना ठाऊक होते. आकारामरावांनी अहवालाची कड बोटाने पुसली आणि ते खांबाशी जाऊन टेकले.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. कोरलेली वाटी घेऊन हुपरीचा जिनेंद्र आत आला. त्याने वाटी झुंबरबाईंच्या हातात दिली, तिच्यावरचे 'आदिती' हे नाव दाखवले, आणि मग खांबाकडे वळून म्हणाला, "पावणं, तोंड बरं हाय न्हवं? माझा आठवडाभर जीव टांगनीला. तुमचा नंबर बी न्हवता माझ्याकडं."

"कसलं तोंड?" झुंबरबाईंनी विचारले.

"अवो, मी डबी आनायला आत गेलो, तवर ह्यांनी चमचा उचलला आन् घातला तोंडात. चांदी उजळायच्या अॅसिडाच्या पान्यात पडल्याला चमचा. चांगला ह्या गालातनं त्या गालात फिरीवला. मी म्हटलं, पावणं, तोंड धुवून घ्या. तर हे म्हंत्यात, चहा नको."

विश्वजितने मोबाईल खाली ठेवला. पृथ्वीराज मोठ्याने हसला आणि एकटाच हसत असल्याचे पाहून थांबला. आकारामरावांचे कान तापले. सहा दिवस ज्याचा शोध घेतला, तो गुन्हेगार देव्हाऱ्यात ठेवलेला होता आणि त्याला तेथवर आपणच आणले होते.

झुंबरबाई जागच्या हलल्या नाहीत. "चमचा तोंडात कशापायी घातला?" त्यांनी विचारले. आवाज निवडणुकीतला नव्हता.

"कड टोचते काय ते पाहिले," आकारामराव खाली बघत म्हणाले. "बाळाचे तोंड कोवळे असते."

झुंबरबाईंनी हातातली वाटी सुनेकडे दिली. मग त्या आकारामरावांपुढे येऊन म्हणाल्या, "आ करा." त्यांनी आ केला. विश्वजितच्या मोबाईलच्या उजेडात झुंबरबाईंनी दोन्ही गाल पाहिले, ओठ उलटून पाहिला. तोंड स्वच्छ होते.

"म्हंजे लेकराच्या तोंडाचं ह्यानं आपल्या तोंडावर घेतलं," त्या सर्वांना उद्देशून म्हणाल्या. मग मान वळवली. "पृथ्वीराज, ऊठ. आन् त्यो फेटा काढ."

फेटा आकारामरावांच्या डोक्यास दोन बोटे सैल झाला, परंतु त्यांनी मान इतकी ताठ धरली की तो घसरण्याचे धाडस करीना. रिठ्याने धुतलेला चमचा झुंबरबाईंनी दोन वेळा उकळून घेतला, पुसला, आणि या वेळी कड स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली. आदिती मामाच्या मांडीवर आली. खिरीचा पहिला घास तिच्या ओठांपाशी गेला. तिने एकदा मामाकडे पाहिले, एकदा चमच्याकडे, आणि तोंड उघडले. घास गिळल्यावर तिने चमचा दोन्ही हिरड्यांत असा धरला की तो सोडवायला तीन माणसे लागली. स्वप्नालीने पदराने डोळे पुसले. पृथ्वीराजने त्या क्षणाची बारा छायाचित्रे काढली, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

जेवणाच्या पंगतीआधी झुंबरबाई आकारामरावांपाशी आल्या. सुनेच्या भावाशी त्या एवढ्या हळू कधी बोलल्या नव्हत्या.

"मामा, चहा टाकलाय तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "पर आधी तोंड धुवून घ्या."

आकारामराव तत्क्षणी उठले, मढवलेला अहवाल काळजीपूर्वक पाटावर ठेवला, आणि फेट्यासह न्हाणीकडे चालू लागले.